इटलीची म्हणून मिरवलेली चांद्याची शिकारीण

अहेरीच्या लाकडाच्या ठेकेदाराने मला फसवलं. पैशात नाही. पैसे त्याने ठरल्याप्रमाणे, मूर्ती माझ्या आवारातून हलायच्या आत, माझ्या हातावर ठेवले. त्याने माझी मूर्ती नेली आणि ती मी केलेलीच नाही असं जगाला सांगितलं. हे आधीच बोलून टाकतो, कारण लोक मला हिशेबी समजतात आणि माझी तक्रार पैशाचीच असणार असं धरून चालतात. पैशाची तक्रार मी कधी मनात ठेवली नाही. ती त्याच दिवशी, त्याच दारात, आवाज चढवून मिटवत आलो. ही मिटली नाही म्हणून लिहायला बसलो आहे.

चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत. जटपुरा दरवाज्याबाहेर माझं आवार होतं. एक टिनाचं छप्पर, एक हौद, चुन्याची घाणी आणि उघड्यावर वाळत पडलेला माल. बाप मला आठवतही नाही. शाळा चौथीपर्यंत. कोळशाच्या खाणीच्या बंगल्यांवर चुना कालवायला जायचो. तिथे कठड्याचे खांब ओतायला शिकलो, मग कुंड्या, मग जाळ्या. कोणी शिकवलं असं नाही. मिस्त्री जेवायला बसला की मी त्याचा साचा उलटा करून पाहत असे.

मालगुजारी, म्हणजे गावोगावची जमीनदारी, गेली आणि आमच्या जिल्ह्यात नवे पैसेवाले उभे राहिले. सागवानाचे ठेकेदार, धानगिरणीवाले, मोटारवाले. त्यांनी साहेबांच्या धर्तीवर बंगले बांधले. बंगला म्हटला की पुढे गोल बाग आली, आणि बाग गोल असली की मधोमध काहीतरी उभं राहायलाच हवं. तुळशीवृंदावन मागच्या अंगणात गेलं. पुढे मडम आली. गिऱ्हाईक माझ्याकडे येऊन सरळ म्हणायचं, "मिस्त्री, एक मडम पाह्यजे."

साहेबांच्या बागांतल्या जुन्या मूर्ती पाहून मी ते सगळं ओतायला लागलो होतो. दाढीवाल्या म्हाताऱ्याचं डोकं, खांद्यावर घागर घेतलेली बाई, ताटली फेकणारा पैलवान. पैलवान मुळात ग्रीकांचा आणि उघडा होता. त्याचा लंगोट मी साच्यातच भरून टाकला होता. नागडा माणूस दारासमोर कोण उभा करील? वरोऱ्याच्या एका कापसाच्या जिनवाल्याने तो लंगोट लाल रंगवून घेतला आणि दर शनिवारी त्याच्या घरचा गडी त्या पैलवानाला तेल लावायचा. ग्रीक लोकांना हे कळलं असतं तर काय वाटलं असतं ठाऊक नाही. मला त्यात गैर काही वाटलं नाही. ज्याच्या दारात उभा, त्याच्या रीतीने राहावं.

शिकारीण मला एका खाणीच्या मॅनेजरकडून मिळाली. साहेब कायमचा विलायतेला निघाला होता आणि सामान काढून टाकत होता. मी गेलो होतो हिरवळीवर फिरवायच्या लोखंडी रुळासाठी. त्या रुळावर मी सकाळी बोलणी सुरू केली ती साहेबाचं जेवण निवेपर्यंत चालवली. शेवटी तो वैतागला. मग मी म्हटलं, तुमचाच भाव कबूल, पण ती कोपऱ्यातली प्लॅस्टरची बाई वरकड द्या. मला रूळ नकोच होता. तो मी परतीच्या वाटेवरच विकला.

साहेब माणूस सरळ होता. त्याने मला सांगितलं की ही शिकार करणारी देवी ग्रीक लोकांची. मूळ मूर्ती कधीच हरवली. तिची दगडातली नक्कल कुठल्याशा राजवाड्यात आहे आणि हे प्लॅस्टर त्या नकलेची नक्कल. मी म्हटलं, मग आपलं जमलं. इतक्या जणांनी केली, आता मी करतो.

ती बाई चालत्या पावली उभी होती. एक हात मागे भात्यातला बाण काढायला गेलेला, दुसरा हात बाजूच्या हरणाच्या डोक्यावर. वस्त्र गुडघ्याच्या वर खोचलेलं. शहरातल्या लोकांनी माना वळवल्या असत्या. आमच्याकडे धानाच्या रोवणीला बाया असंच लुगडं खोचून चिखलाच्या बांधीत उतरतात, आणि बाण-धनुष्य तर भामरागडकडच्या माणसाच्या खांद्यावर रोज दिसतं. कोणाला काही विचित्र वाटलं नाही. उलट पहिल्यांदाच मडम पाहून लोक म्हणाले, ही कामाची दिसते.

फक्त तिला पाय नव्हते. बागेतल्या ओलीने घोट्याखालचं प्लॅस्टर खाऊन टाकलं होतं. पाय नव्याने करायला हवे होते. मी बायकोला मातीच्या पाटावर उभी केली, तिच्या पायांवरून साचा घेतला आणि तो मूर्तीच्या घोट्याला जोडला. साचा उघडला तेव्हा बोटांत जोडवीही उमटली होती. खरवडून काढता आली असती. मी एका पायाची काढूनही पाहिली. पण इतक्या मोठ्या बाईची मोकळी बोटं मला बघवेनात, कपाळ पुसल्यासारखं वाटायला लागलं. मी ती पुन्हा बसवली.

आतला सांगाडा बांबूच्या कामट्यांचा. लोखंड महाग, सिमेंट परमिटवर; बांबू मात्र आमचा. वरून चुना आणि गारगोटीची पूड, आणि सगळ्यात शेवटी शंखजिऱ्याने घोटाई. घोटाई बायकोची. ती हाताच्या तळव्याने घोटायची, आणि तिचा हात फिरला की चुना आहे हे सांगूनही लोकांना पटत नसे. बैठकीच्या मागच्या अंगाला, ओलं असताना, मी बांबूचं एक पान दाबून उमटवायचो. माझ्या आवारातल्या प्रत्येक वस्तूवर ते पान असे. मला सहीची सवय नव्हती. पान माझी सही.

पहिली शिकारीण साच्यातून निघाली त्या आठवड्यात अहेरीच्या शाळेचे हेडमास्तर गुरुजी आवारात आले. त्यांच्या शाळेची नवी इमारत निघत होती आणि त्यांना खिडक्यांच्या जाळ्या हव्या होत्या. नागपूरला शिकलेले, वाचलेले, बोलणं पुस्तकी. मूर्ती बघून ते जाळ्या विसरले. तिच्याभोवती फिरले, ओणवे होऊन पाय पाहिले आणि मला विचारलं, ही कोण आहे ठाऊक आहे का.

"साहेबानं सांगतलं. शिकारीची देवी."

"मिस्त्री, ही आजन्म कुमारिका. हिच्या पायात जोडवी कशी?"

मी काही बोलायच्या आत चुना चाळत बसलेली माझी बायको मान वर न करता म्हणाली, "गुरुजी, एवढी धिप्पाड बाई एकटी जंगलात फिरून राह्यली. जोडवी असली तं बरं नाई का जी? येनारा-जानारा तोंड सांभाळून बोलते."

गुरुजी एवढे हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. म्हणाले, राहू द्या, आता ही चांद्याची झाली. हे त्यांचेच शब्द. मी जाळ्यांचा भाव त्या दिवशी थोडा उतरवला, तेही नोंदवून ठेवतो.

गुरुजींनी अहेरीत सांगितलं असणार. कारण थोड्याच दिवसांनी तिकडचा ठेकेदार स्वतः आला. अंगाने मोठा, बोलणं हळू. त्याचा बंगला पुरा होत आला होता आणि वास्तुशांतीला मोठे अधिकारी येणार होते. त्याने शिकारीण पाहिली, भाव विचारला. मी निम्म्यावर यायच्या तयारीने दुप्पट सांगितला. त्याने होकाराची मान हलवली.

 उभ्या आयुष्यात कोणी माझा पहिला भाव मान्य केला नव्हता. भाव न करणारं गिऱ्हाईक दोन जातींचं असतं. एकाला पैसे द्यायचेच नसतात. दुसऱ्याला किमतीपेक्षा मोठं काहीतरी उचलून न्यायचं असतं. पैसे तर त्याने तिथेच मोजून दिले, म्हणून मी निश्चिंत झालो. दुसऱ्या जातीचा विचार मी केला नाही, कारण मूर्तीबरोबर आणखी काय नेता येतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्याने अटी घातल्या. मूर्ती ताडपत्रीत गुंडाळून न्यायची. माझा माणूस बरोबर यायचा नाही, बसवायला त्याचाच गवंडी. वास्तुशांतीपर्यंत कोणाशी बोलायचं नाही. मला वाटलं, दृष्ट लागायची भीती असेल. आमच्याकडे नव्या घराला काळं मडकं टांगतात, तसं हे. धानाच्या तणसात निजवून, त्याच्या लाकडाच्या रिकाम्या जाणाऱ्या ट्रकमध्ये मी तिला चढवून दिली.

मला कळलं ते मूल गावच्या एका धानगिरणीवाल्याकडून. मी तोवर दुसरी शिकारीण ओतून उभी केली होती. त्याने ती वरून खाली पाहिली, टिचकी मारली आणि म्हणाला, "बरी आहे. पन अहेरीची ते इटलीची बाई पाह्यली काय तुमी? तिच्या पायाची सर नाई हिले."

मी विचारलं, कोणती इटलीची. तो सांगायला लागला. ठेकेदाराने इटलीहून मागवली. अस्सल संगमरवर. जहाजाने मुंबईला, तिथून रेल्वेने बल्लारशाला. वास्तुशांतीच्या दिवशी कमिशनरच्या कचेरीतल्या माणसांनी तिच्यापाशी उभं राहून फोटो काढून घेतले. आणि मग गिरणीवाला मलाच समजवायला लागला की चांद्याचा चुना तो चुना, इटलीचा दगड तो दगड, तेव्हा भाव जरा कमी करा.

माझीच मूर्ती पुढे करून माझाच भाव पाडायला निघालेला तो पहिला माणूस. मी त्याला आवाराबाहेर घालवलं. कसं, ते त्याने पुढे मूलमध्ये सांगितलंच.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी अहेरीला गेलो. आष्टीजवळ वैनगंगेच्या वाळूत मी बसलो होतो तो ट्रक रुतला, मी उतरून ढकलला, आणि ढकलताना काय बोलायचं ते ठरवत होतो. बरोबर पोत्यात पायाचा साचा होता. बायको म्हणाली होती, जाऊ द्या. मी म्हटलं, पाय तुझा आहे. ती म्हणाली, माझा पाय माझ्यापाशीच आहे, कोठी गेला? ती हसण्यावारी नेऊ शकत होती. मला ते जमत नाही.

बाजारचा दिवस असल्याने बंगल्याच्या बागेत माणसं होती. ठेकेदार मांडवाखाली खुर्चीवर, जंगल खात्याचे दोन-तीन बाबू, आणि गुरुजी. चहा चालला होता. मधोमध झेंडूच्या वाफ्यात ती उभी होती. आधी मी मागे जाऊन बैठक पाहिली. पानाच्या जागी नव्या चुन्याचा गिलावा. हात इतका ओबडधोबड की बोटांचे फटकारे दिसत होते. तो गिलावा पाहून माझं डोकं जेवढं फिरलं तेवढं खोटं ऐकूनही फिरलं नव्हतं.

मी सगळ्यांसमोर विचारलं, "ठेकेदार भाऊ, हे कुठून आनली?"

"इटलीहून," तो शांतपणे म्हणाला. "बसा मिस्त्री. चहा घ्या."

"इटलीच्या बाया जोडवी घालतात काय?"

बाबू लोक खुर्च्या सोडून पाय पाहायला आले. जोडवी सगळ्यांना दिसली. ठेकेदाराने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी वर्गात शिकवतात त्या आवाजात सांगायला लागले की ग्रीक सैन्य पूर्वी आपल्या सिंधू नदीपर्यंत आलं होतं, परतताना इथले दागदागिने आणि चालीरीती तिकडे गेल्या, तेव्हा यात अशक्य असं काही नाही. किंबहुना ही मूर्ती त्या दृष्टीने फार मोलाची आहे. बोलताना ते माझ्याकडे पाहत नव्हते. हरणाकडे पाहत होते.

मी पोत्यातून साचा काढला आणि मूर्तीच्या उजव्या पायावर ठेवला. पाय म्यानात बसावा तसा बसला. मी म्हटलं, आता बोला.

ठेकेदार उठला नाही. "बसनारच. जहाजात पाय दुखावला होता. मीच ह्याच्याकडे दुरुस्तीले धाडली होती. तेव्हा ह्यानं गुपचूप साचा काढून घेतला दिसते." मग बाबूंकडे वळून, "म्हनूनच चांद्यात हिच्या नकला विकून राह्यला."

क्षणात मी चोर झालो. बागेतल्या माणसांच्या नजरा मी पाहिल्या. बाजारात जास्त भाव सांगणाऱ्याकडे पाहतात तशा नव्हत्या. खिशावर हात ठेवून पाहतात तशा होत्या.

मी ओरडलो की आत बांबू आहे. संगमरवरात बांबू नसतो. वाफ्याच्या कडेचा दगड उचलला आणि हरणाच्या डोक्यावरच्या हाताची करंगळी उडवली. आतून कामटी बाहेर आली. सगळे बघत होते.

"पाहा," ठेकेदार म्हणाला. "अशी दुरुस्ती करते हा. इटलीच्या बाईच्या हातात बांबू." लोक हसले. मग त्याने मला विचारलं, "मिस्त्री, तुमचे पैसे बाकी आहेत काय माझ्याकडे?"

"नाई."

"मंग?"

 ज्या माणसाने जन्मभर प्रत्येक भांडण पैशावर आणून जिंकलं, त्याला पैसे मिटलेल्या ठिकाणी कसं भांडावं ते समजेना. मी गुरुजींसमोर जाऊन उभा राहिलो.

"गुरुजी, तुमी पाह्यली होती हिले. माझ्या आवारात."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला. "मी पुष्कळ आवारांत पुष्कळ काही पाहतो, मिस्त्री," ते म्हणाले. मग जरा मऊ आवाजात, जणू माझ्याच भल्याचं सांगत असल्यासारखे, "आणि समजा केलीही असेल तुम्ही. मूळ तर तुमची नव्हे ना? नकलेचा कर्ता कोण विचारतो?"

"भजनी बुवा म्हनते तो अभंग त्याचा असते काय?" मी म्हटलं. "तरी नारळ त्यालेच देता ना?"

यावर कोणी हसलं नाही.  ठेकेदाराच्या माणसांनी मला दंडाला धरून फाटकाबाहेर आणून सोडलं. साचा आतच राहिला. तो मला पुन्हा मिळाला नाही. मी दुसरा केला, पाय घरातच होते.

आता कोणी म्हणेल, तुझा धंदा बुडाला असेल म्हणून जळतोस. धंदा बुडाला नाही. वाढला. ज्याला इटलीची परवडत नाही तो चांद्याची घ्यायला आला. आरमोरीपासून सिरोंचापर्यंत किती बागांत माझी शिकारीण उभी राहिली ते मी मोजलं नाही. एकही जोडव्याशिवाय बाहेर पडली नाही. शिकलेली गिऱ्हाइकं मला सांगायची, हे जोडव्यांचं अहेरीवरून उचललं वाटतं. मी भाव वाढवून सांगायचो आणि त्यातला एक आणाही सोडायचो नाही. इतकंच माझ्या हातात होतं आणि ते मी पुरेपूर केलं.

अहेरीच्या मूर्तीची करंगळी ठेकेदाराने तशीच ठेवली. इटलीच्या कामाला इथे कोण हात लावणार, असं तो पाहुण्यांना सांगायचा, आणि चांद्याच्या एका माथेफिरूने दगड मारला ही गोष्टही सांगायचा. ती मी माझ्या कानांनी आलापल्लीच्या एका हॉटेलात ऐकली. सांगणारा मला ओळखत नव्हता. मी त्याच्या चहाचे पैसे दिले आणि पुरी गोष्ट ऐकून घेतली.

ठेकेदार पुढे वारला. त्याच्याशी माझं एका परीने मिटलं. तो व्यापारी होता आणि मीही व्यापारी. त्याला चारचौघांत मोठं दिसायचं होतं, त्यासाठी तो खोटं बोलला. मीही साधा चुना विकताना तो वरोऱ्याचा, वरच्या प्रतीचा, आहे असं सांगितलेलं आहे. व्यापाऱ्याचं खोटं ओळखायला आपण शिकतो, आणि ओळखता आलं नाही तर ते आपलं नुकसान.

पण गुरुजी व्यापारी नव्हते. आणि गुरुजी अजून आहेत. शाळेतून निवृत्त होऊन इथेच चंद्रपुरात राहतात. त्यांचे विद्यार्थी त्यांना व्याख्यानाला नेतात, शाल घालतात, पाया पडतात. शाळेच्या नव्या इमारतीचं सगळं सागवान ठेकेदाराने फुकट दिलं होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या छपराखाली पुष्कळ पोरं शिकली, हेही मी नाकारत नाही. गुरुजी एकदा एकटे येऊन म्हणाले असते की छपरासाठी गप्प बसलो, तर मी त्यांना बसायला खुर्ची दिली असती. ते आले नाहीत. रस्त्यात दिसले की छत्री या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतात आणि पलीकडून जातात.

म्हणून गुरुजी, हे तुमच्यासाठी लिहिलं आहे. तुम्ही वाचणारे आहात, वाचालच. तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं त्या सिंधू नदीचं. नुसतं गप्प बसला असता तरी मी समजलो असतो. तुम्ही पुढे होऊन त्या खोट्याला विद्येचा टेकू दिलात, आणि मला चोर ठरवलं जात असताना चहाचा कप हातात घेऊन बसून राहिलात. छप्पर हेच कारण असेल तर तसं सांगा. दुसरं काही असेल तर ते सांगा. माझ्या घरी येऊन, दार लावून नको. तुम्ही तेव्हा चारचौघांत बोललात. आता चारचौघांतच उभे राहा आणि सांगा, ती मूर्ती तुम्ही पहिल्यांदा कुठे पाहिलीत.